दोन ओळी रोजच्या

भैय्याजी गेल्याचं धीरजनं सांगितलं तेव्हा रक्षा चार नंबरच्या मशीनला नळ्या जोडत होती. सकाळचे सात वाजायचे होते.

"ताई, भैय्याजी गेले न. काल संध्याकाळी. त्यांच्या पोराचा फोन आलता."

"बरं," रक्षा म्हणाली. "मंग दुपारचा चार नंबर खाली झाला. रोहण्याच्या शकुंतलाबाईले फोन लाव. म्हणा, आजपासून दुपारीच येजा."

धीरज सलाईनची बाटली हातात धरून तसाच उभा राहिला. पंचविशीचा मुलगा, केंद्रात टेक्निशियन म्हणून लागून त्याला दीड वर्ष झालं होतं. त्याचे डोळे भरून आले होते. रक्षानं ते पाहिलं, आणि बाटली त्याच्या हातातून घेऊन स्टँडला अडकवली.

वर्ध्यातल्या एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर हे डायलिसिस केंद्र होतं. सहा पलंग, सहा मशीन, सकाळ-दुपार-संध्याकाळ अशा तीन पाळ्या. ज्यांच्या किडन्या काम करेनाशा झाल्या ती माणसं आठवड्यातून दोनदा-तीनदा यायची, चार तास मशीनला जोडलेली पडून राहायची आणि रक्त साफ करून घरी जायची. असं वर्षानुवर्षं. त्यामुळे इथं कोणी परकं राहत नसे. रक्षा बोरकर अकरा वर्षं इथं टेक्निशियन होती. भैय्याजींच्या हाताला सहा वर्षं सुई लावायचं काम तिचंच होतं. सेलूला त्यांचं कापडाचं दुकान, आणि रक्षाचं घरही सेलूलाच. मागच्या वर्षी तिच्या मुलीचं, आचलचं, पहिलं कम्युनियन झालं, चर्चमध्ये तिला पवित्र भाकर पहिल्यांदा मिळाली, तेव्हा पांढऱ्या फ्रॉकचं कापड भैय्याजींनी स्वतः गठ्ठे उलटेपालटे करून काढून दिलं होतं. चर्चमध्ये काय असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण कापड पारदर्शक नको आणि फार चमकणारंही नको, एवढं त्यांना बरोबर कळलं होतं.

दुपारपर्यंत रक्षा वाट पाहत राहिली. आता रडू येईल, आता काहीतरी होईल. साडेअकराला शकुंतलाबाई आल्या, चार नंबरवर आडव्या झाल्या. तीन महिने त्या दुपारची पाळी मागत होत्या, कारण संध्याकाळच्या पाळीनंतर रोहण्याची शेवटची बस निघून गेलेली असे. त्यांना पलंग दिला यात काही चुकलं नव्हतं. रक्षानं सुई लावली, मशीन सुरू केलं, वहीत वेळ लिहिली. काहीच झालं नाही.

हे कधीपासून असं झालं, ते तिला सांगता आलं नसतं. केंद्रात आधी चार टेक्निशियन होते. एक पुण्याला गेला, एकीचं लग्न झालं, आणि त्यांच्या जागा भरल्याच नाहीत. साडेतीनला घरी जाणारी रक्षा आठवड्यातले चार दिवस संध्याकाळची पाळीही करू लागली. तिचा नंबर सगळ्या पेशंटांकडे होता. पाय सुजले, फोन. केळं खाल्लं तर चालेल का, फोन. बस चुकली, फोन. "रक्षाताईले विचार" हे वाक्य केंद्रात दिवसातून वीसदा तरी ऐकू येई. रविवारी ती मिस्सेला, चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, जाई तेव्हा फोन मांडीवर उलटा ठेवलेला असे. मग रविवारची मिस्साही महिन्यातून एकदा-दोनदाच होऊ लागली. प्रार्थना तिला पाठ होत्या, त्या आपोआप म्हटल्या जात, मशीन सुरू करण्याआधी तपासायच्या गोष्टी म्हटल्यासारख्या.

तिचा नवरा निकेश आयटीआयमध्ये शिकवायचा. एकदा त्यानं विचारलं होतं, "तुले काय होऊन राह्यलं, रक्षा?" ती म्हणाली होती, "काई नाई." ते खरंच होतं. तिला काहीच होत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी शकुंतलाबाईंसाठी ती फिल्टर घेऊन आली. रक्त ज्यातून गाळलं जातं तो फिल्टर प्रत्येक पेशंटचा वेगळा असतो, धुऊन पुन्हा त्याच पेशंटला वापरतात, म्हणून त्यावर मोठ्या अक्षरात नाव असतं. जोडण्याआधी ते नाव पेशंटसमोर मोठ्यानं वाचायचं असा नियम. रक्षानं न वाचताच कागदावर सही केली आणि फिल्टर मशीनला लावायला घेतला.

"पोरी," शकुंतलाबाई म्हणाल्या. त्या चौथीपर्यंत शिकल्या होत्या आणि चष्म्याशिवाय वाचू शकायच्या. "याच्यावर तं दुसऱ्याचंच नाव दिसून राह्यलं."

फिल्टर भैय्याजींचा होता. तो फेकायचा राहून गेला होता, आणि चार नंबर म्हटल्यावर रक्षाच्या हातानं फळीवरून तोच उचलला होता.

"हो, चुकलं," रक्षा म्हणाली. तिनं तो फिल्टर कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकला, शकुंतलाबाईंचा आणला, नाव वाचलं, जोडला. आणखी एक मिनिट गेलं असतं तर मेलेल्या माणसाचा फिल्टर जिवंत बाईच्या रक्ताला लागला असता, आणि तिला बस किती वाजताची आहे हे आठवत होतं. संध्याकाळी एसटीत बसल्यावर हे तिच्या लक्षात आलं. खिडकीबाहेर बघत ती मनाशी म्हणाली, मी आता धोकादायक झाली आहे. हे वाक्यसुद्धा तिनं कुणा दुसऱ्याबद्दल ऐकावं तसं ऐकलं.

शनिवारी ती चर्चमध्ये पापनिवेदनाला, फादरांपुढे आपली पापं सांगायला, गेली. सात-आठ महिन्यांनी.

फादर कुरियाकोस मूळचे केरळचे. बत्तीस वर्षं विदर्भात काढून त्यांची मराठी इकडचीच झाली होती, फक्त सूर तिकडचा राहिला होता. जाळीपलीकडे ते बसले होते. पंखा खडखडत होता.

"फादर, मले पाप काय सांगाव तेच समजून नाई राह्यलं. मले काही वाटतच नाई."

"कायच नाई?"

"माणूस मेला तरी नाई."

"न वाटणं पाप नाही, बेटा. ते आजारपणही असू शकते. ते राहू दे. काय केलं ते सांग."

तिनं फिल्टरचं सांगितलं. मिस्सा चुकवल्याचं सांगितलं. आचलवर दोनदा हात उचलल्याचं सांगितलं.

"डॉक्टरले सांगितलं, फिल्टरचं?"

"नाई."

"काऊन?"

"ते म्हणतीन, रक्षालेबी असं होते."

पलीकडे खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला. मग फादर म्हणाले, "आता जे बोलली, ते पुन्हा एकदा बोल."

रक्षानं पुन्हा म्हटलं. या वेळी तिला ते ऐकू आलं. शकुंतलाबाईंच्या जिवाचा त्यात कुठं उल्लेखच नव्हता.

"प्रभू येशूभोवती रोज गर्दी राहायची," फादर म्हणाले. "आंधळे, लुळे, सगळे. तरी तो ती गर्दी सोडून डोंगरावर जायचा. एकटा. सगळे बरे झाले म्हणून नाही जायचा. मागे आजारी लोक उरलेलेच असायचे. तू त्याच्यापेक्षा जास्त करायला गेली, बेटा."

प्रायश्चित्त त्यांनी दोन गोष्टींचं दिलं. सोमवारी डॉक्टरांना सगळं सांगायचं. आणि तीस दिवस, रोज संध्याकाळी, क्रुसाची खूण करून दहा मिनिटं देवासमोर शांत बसायचं आणि वहीत दोन ओळी लिहायच्या. आज मी कुठं जिवंत होते. आज मी कुठं दगड होते.

"तिसरी ओळ लिहायची नाही," ते म्हणाले. "तुझ्यासारख्यांना तिसरी लिहायची सवय राहते."

सोमवारी तिनं डॉक्टरांना सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी घडलेलं लिहून घेतलं, आणि त्या दिवसापासून फिल्टरवरचं नाव दोघांनी वाचायचं असा नियम केला. मग तिच्याकडे पाहून म्हणाले, "तुमचं रक्त कधी तपासलं होतं?" हिमोग्लोबिन नऊच्या खाली निघालं. गोळ्या सुरू झाल्या. त्यांच्याच सांगण्यावरून ती दोनदा समुपदेशक बाईंकडेही जाऊन आली. त्या बाई म्हणाल्या, अशा कामात माणूस आतून विझत जाऊ शकतं, त्याला नाव आहे, आणि ते एकटीच्या जिद्दीनं परत पेटत नाही. रक्षानं मान हलवली.

वही आचलची होती, मागची पानं कोरी असलेली. पहिल्या दिवशी तिनं लिहिलं: जिवंत – कुठंच नाही. दगड – सकाळपासून. दुसऱ्या दिवशीही तेच. सहाव्या दिवशी वेगळं काही आलं. जिवंत – शकुंतलाबाईच्या सुनेला शिकवलं, रक्त नीट वाहते का ते कळायला हातातल्या शिरेवर बोटं ठेवून थरथर कशी पाहायची. तिला समजलं. दगड – जेवताना चार फोन. आठव्या दिवशी: दगड – धीरजच्या हातातून सुई घेतली. तो नीट लावत होता.

तिला वाटलं होतं, दगडाच्या ओळीत मृत्यू येतील, रक्त येईल, रडणारे नातेवाईक येतील. ते फारसे आलेच नाहीत. फोन येत होते, आणि दुसऱ्याच्या हातातून काढून घेतलेली कामं येत होती. एकोणिसाव्या दिवशी तिनं लिहिलं: दगड – आज एकही फोन आला नाही. वाईट वाटलं.

त्या ओळीकडे ती बराच वेळ पाहत राहिली. मग फादरांनी नको म्हटलेली तिसरी ओळ तिनं लिहिलीच. लोक मला शोधतात ते मला आवडते.

अकरा वर्षं तिनं त्याला सेवा म्हटलं होतं. ती सेवा होतीही. पण तिच्या पोटात हे दुसरं बसलेलं होतं आणि त्याची भूक मोठी होती. रक्षाला लाज वाटली. खूप नाही, पण वाटली. कितीतरी महिन्यांत तिला पहिल्यांदाच काहीतरी वाटलं होतं, आणि ते हे होतं.

रविवारी मिस्सेनंतर तिनं निकेशला वही दाखवली. त्यानं ती सावकाश वाचली. "हे पाळ्याचं सगळं तुझ्या डोक्यात आहे न," तो म्हणाला. "ते कागदावर काढ. मी नुसती पट्टी धरतो."

दोघं जेवणाच्या टेबलावर बसले. चौतीस पेशंट. प्रत्येकाचं गाव, वार, बस, सोबत कोण येतं, कुणाला उठवायला माणूस लागतं. रक्षाला एकही नाव आठवावं लागलं नाही. निकेश रकाने आखत गेला. आचलनं वेगवेगळ्या रंगांनी पाळ्या रंगवल्या आणि मध्येच कंटाळून खेळायला पळाली. दुपारी दोनच्या सुमाराला चित्र पुरं झालं. सकाळी रोज दोन मशीन रिकामी राहत होती, कारण सातला यायला कुणी तयार नसे. दुपार वर्ध्याच्याच माणसांनी भरली होती, ज्यांचं घर केंद्रापासून दहा मिनिटांवर होतं. त्यांनी आधी मागितली, रक्षाला नाही म्हणता आलं नाही. आणि लांबच्या खेड्यातली माणसं संध्याकाळी अडकत होती. वर्ध्यातले चारजण, दोघं-दोघं दिवसाआड, सकाळी हलवले, त्यांच्या जागी खेड्यातले दुपारी घेतले, तर संध्याकाळी तीनच मशीन चालवावी लागणार होती. तिघांना एक टेक्निशियन पुरतो.

"एवढंच होतं?" निकेश म्हणाला.

रक्षानं तक्ता स्वतःकडे ओढला. एवढंच नव्हतं. चौघांना जाऊन सांगायचं होतं.

त्याआधी योगेंद्र सरांना. केंद्राचा कारभार ते पाहायचे. त्यांनी तक्ता उलटसुलट करून पाहिला.

"पंधरा तारखेपासून मी साडेतीनला निघीन, सर. आणि पेशंटसाठी केंद्राचा एकच फोन ठेवा. आळीपाळीनं आमी उचलू. माझा नंबर मी बंद करून राह्यली."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तुम्हाले माणूस घ्यावा लागीन."

"आजवर तुम्हीच म्हणत होत्या, ताई, मी पाहून घेते म्हणून."

"हो," रक्षा म्हणाली. "मीच म्हणत होती."

माणूस घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. तक्ता मात्र ठेवून घेतला, आणि दोन दिवसांनी मान्य असल्याचं धीरजकरवी कळवलं.

चौघांपैकी तिघं कुरकुरत तयार झाले. कैलासभाऊ झाले नाहीत. त्यांचं बसस्टँडजवळ हार्डवेअरचं दुकान होतं.

"एवढ्या वर्षांची ओळख, आन् मले सात वाजता बोलावता? तुमी बदलल्या, ताई."

रक्षाच्या तोंडाशी ते जुनं वाक्य आलं. बरं, पाहून घेते. तिनं पलंगाचा दांडा धरला. "सातलेच या, कैलासभाऊ. रोहण्याच्या बाईले शेवटची बस भेटत नव्हती तीन महिने. तुमाले घरून चालत येता येते."

कैलासभाऊ आले, पण पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

नव्या वेळापत्रकाच्या पहिल्या आठवड्यात नत्थू नावाच्या पेशंटचा संध्याकाळी मशीनवर रक्तदाब एकदम खाली गेला. धीरजनं मशीनचा वेग कमी केला, पाय वर घेतले, सलाईन सोडलं, डॉक्टरांना बोलावलं. वीस मिनिटांत नत्थू बोलायला लागला. सकाळी धीरजनं हे रक्षाला सांगितलं. "तुम्हाले फोन करणार होतो, ताई. मंग नाई केला."

"बरं केलं," ती म्हणाली. त्या दिवशी वहीत दोन्ही ओळींत तिनं धीरजचंच नाव लिहिलं.

वेळ मिळू लागला, पण त्या वेळेचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. साडेचारला ती घरी असे आणि पलंगाच्या कडेवर बसून राही. मिस्सा आता चुकत नव्हती. तिथंही ती बसून राही. ऑक्टोबर आला, जपमाळेचा महिना. रोज संध्याकाळी आचल घाईघाईनं प्रार्थना सांगे आणि रक्षा मणी सरकवत जाई. आत कोरडंच होतं. तिला वाटलं होतं, एक दिवस सगळं परत येईल. तसं झालं नाही. तिनं एकदा आपण होऊनच फादरांना चर्चच्या पायरीवर सांगितलं, "मी नुसती येऊन बसते, फादर. होत काही नाई."

"येतेस न," फादर म्हणाले. "बस मग."

दोन नोव्हेंबरला चर्चमध्ये मृतांसाठी मिस्सा असते. घरातून गेलेल्यांची नावं लोक चिठ्ठीवर लिहून देतात, फादर ती वाचतात. रक्षानं आधी वडिलांचं, जोसेफ यांचं, लिहिलं. त्याखाली भैय्याजींचं लिहिलं. मग केंद्रातल्या त्यांच्या आधी गेलेल्या बाईंचं. मग आणखी. चिठ्ठी भरली, तिनं दुसरा कागद घेतला. हजेरीपुस्तक जवळ नव्हतं, पण लागलंही नाही. नावाबरोबर गाव आठवत होतं, कुठल्या हाताला सुई लागायची ते आठवत होतं. एकाला मशीनवर असताना थंडी वाजायची. एक बाई चार तास सुनेच्या तक्रारी सांगायची आणि जाताना सुनेसाठीच वडापाव घेऊन जायची. त्रेचाळीस नावं झाली.

"हे आपल्यातले नाहीत, फादर," ती म्हणाली. "हिंदू आहेत, बौद्ध आहेत, दोन मुसलमान."

फादरांनी कागद घेतला, चष्मा नाकावर सरकवला. "मेलेल्यांचीच नावं आहेत न?"

"हो."

"मग दे."

त्यांनी सगळी वाचली. केरळी सुरात, काही चुकीची. मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू झाली. भैय्याजींचं नाव आलं आणि गेलं. रक्षा समोर पाहत होती. विसाच्या पुढे कुठंतरी "नरहर मास्तर" आलं. नरहर मास्तर सुई लागून पाच मिनिटं झाली तरी डोळे मिटून विचारायचे, "लावता का आता?" दर वेळी. तीन वर्षं. रक्षाच्या तोंडून हसू फुटलं, मोठ्यानं. आचलनं दचकून तिच्याकडे पाहिलं. आणि मग ते हसू कुठं संपलं ते कळलंच नाही. ती बाकाचा कठडा धरून रडत होती, नाक गळत होतं, आणि आचल तिच्या पर्समध्ये रुमाल शोधत होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं सपाट होतं. पण आता मधूनमधून काहीतरी येऊ लागलं. कधी राग, कधी केळझरच्या रस्त्यावर निकेशच्या गाडीवर मागे बसल्यावर लागलेला गार वारा. काही दिवस काहीच नाही. ती दोन ओळी लिहीत राहिली. तीस दिवस केव्हाच उलटून गेले होते.

जानेवारीत धीरजच्या बहिणीचं लग्न ठरलं. त्याला पाच दिवसांची सुटी हवी होती. योगेंद्र सर रक्षाला म्हणाले, "दिवसा वॉर्डातली नर्स मदतीला येईल, पण पाच संध्याकाळी तुम्हीच करून घ्या, ताई. दुसरं कोण आहे?"

"उद्या सांगते," रक्षा म्हणाली.

परतीच्या बसमध्ये तिनं जपमाळेची एक दशी, दहा मण्यांची, म्हटली, मग डायरी उघडली. बुधवारी आचलच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं. सलग पाच दिवस काढले तर चौथ्या दिवशी आपण कशा होतो, हे आता तिला वहीत वाचून माहीत होतं. हो म्हणावंसं मात्र वाटत होतं. दुसरं कोण आहे, हे शब्द अजून गोड लागत होते. तिनं ते देवाला तसंच सांगितलं.

सकाळी ती योगेंद्र सरांच्या टेबलापाशी गेली. "मंगळवारी आणि शुक्रवारी मी थांबते, सर. बाकी तीन दिवस संध्याकाळच्या तिघांना, आठवड्यातून दोनदाच येणाऱ्यांचे पलंग रिकामे राहतात त्यांच्यावर, दिवसा सामावून घेऊ. चिठ्ठी केली आहे. नाहीतर तीन दिवसांसाठी माणूस मागवा."

सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. चिठ्ठी वाचली. मग फोन उचलून कुणाचा तरी नंबर शोधू लागले.

रक्षा हात धुवायला गेली. सातची पाळी सुरू व्हायची होती, आणि मशीनला जोडण्याआधीचं वजन द्यायला कैलासभाऊ काट्यावर चपला घालूनच उभे होते.